सहा-अ

नव्याण्णवच्या हिवाळ्यात माझं काम म्हणजे
खिशात एक सीडी घेऊन मजले चढणं.
सहावा सर्व्हिस पॅक. महिनाभरात कळलं, सहाव्यालाच भोक आहे,
मग आला सहा-अ. शाळेतल्या तुकडीसारखं नाव.
तेच मजले, तीच मशिनं, पुन्हा पहिल्यापासून.

हडर्सफील्डच्या वरच्या अंगाला, कालव्याकाठची लोकरगिरणी.
गावाचं नाव मी सगळी अक्षरं उच्चारून वाचायचो, स्लेथवेट.
लोक म्हणायचे नुसतं स्लॉइट,
आणि उरलेली अक्षरं कुठे गेली विचारलं
तर कालव्याकडे बोट दाखवायचे.

निळी पट्टी सरकायला वीस मिनिटं.
तेवढ्यात मी शेजारच्या खोलीत,
जिथे उत्तरेच्या काचेखाली तिरक्या मेजांवर
कापड पसरून बायका रफू करत.
डोरीन हेग तळवा फिरवायची, डोळे खिडकीबाहेर,
आणि बोट थांबायचं. इथे.
मला काहीच दिसायचं नाही.
सुटलेला धागा ती त्याच्या जुन्याच वाटेनं परत घालायची,
दोन वर, दोन खाली.
चांगलं रफू दिसत नाही, म्हणायची, दिसलं तर पैसे कापतात.
मी म्हणालो, माझंही तसंच.
"तुझं दिसतं की! तू आलास की सगळं बंद पडतं."

त्याच आठवड्यात सर्व्हरच्या कपाटात अडकून
माझ्या कोटाची बाही फाटली.
चहाच्या सुट्टीत तिने ती मागून घेतली.

दोन हजार चारच्या ऑगस्टात एक्सपीचा दुसरा पॅक.
ठिगळ कसलं, सदऱ्याला अख्खी नवी पाठ लावून आला,
सोबत एक भिंत, आधीच उभी केलेली.
सोमवारी त्या भिंतीनं मागांना ओळखच दाखवली नाही.
चार तास गिरणी गप्प.
नायजेल बोमंट माझ्या मागे उभा, हातातला चहा निवलेला.
इचलकरंजीत माग अडला की माझे वडील
आधी शिवी देत, मग हात जोडत.
मी दोन्ही केलं,
मग भिंतीला एक छोटं दार पाडलं.

पुढे कधीतरी पॅक यायचेच थांबले.
आता दर महिन्याचा दुसरा मंगळवार,
इथल्या घड्याळात संध्याकाळी सहा,
मार्चात पाच, कारण तिकडची घड्याळं आधी सरकतात.
क्रमांक गेले. सहा नाही, सहा-अ नाही,
केबी आणि पुढे सात आकडे, फोन नंबर असावा तसे,
कुणाचा ते माहीत नाही.
सीडीवर निदान माझ्या अक्षरात तारीख असायची.

मी मार्सडेनच्या स्वयंपाकघरात बसून 'मंजूर' दाबतो.
भात शिजेपर्यंत दोनशे मशिनं ओळीत उभी.
रात्री ती आपापली मिटतात, उघडतात,
सकाळी कुणीतरी कळवतं: काल इथे एक बटण होतं.
मी म्हणतो, होतं.

रफूच्या खोलीत आता योगाचे वर्ग.
डोरीनच्या अंत्यविधीला मी तोच कोट घातला होता.
चर्चबाहेर उन्हात बाही उलटीसुलटी करून पाहिली,
तळवा फिरवला, तिच्यासारखा, दुसरीकडे बघत.
नाही सापडलं.

एक मशीन मात्र अजून तिसऱ्या पॅकवर आहे.
ताणा मोजतं. जाळ्यातून तोडलेलं,
वर पिवळ्या पडलेल्या टेपखाली नायजेलची चिठ्ठी,
हात लावू नका. नायजेल आता स्पेनमध्ये.
मी गुरुवारी जातो, पंख्यातली लोकर काढायला.

चालू झालं की ते कोपऱ्यात विचारतं,
नवीन काही आहे का?
पलीकडे आता कुणीच नाही.
थोडा वेळ थांबतं,
मग धागे मोजायला लागतं.